आधी निळा घालवा, मग काळा आणा: सायनोटाइपचं घरगुती टोनिंग

लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडींच्या कडा काळ्या पडतात आणि विळीच्या पात्यावरही डाग राहतो. आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, आणि विळीचं लोखंड यांची गाठ पडली की हे होणारच. सायनोटाइप म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर काढलेला निळा प्रिंट. तो तपकिरी किंवा काळा करताना, म्हणजे त्याचं टोनिंग करताना, आपण नेमकं हेच करतो. फरक इतकाच की आपलं लोखंड कागदात बसलेलं असतं. ही गोष्ट एकदा डोक्यात शिरली की कृती पाठ करायची गरज उरत नाही. काही बिघडलं तर का बिघडलं तेही आपलं आपल्याला कळतं.

मी गृहीत धरतोय की तुम्ही दोन-चार सायनोटाइप काढलेत. नसतील, तर मूळ कृती थोडक्यात अशी: एका बाटलीत १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही समान घेऊन मंद पिवळ्या दिव्याखाली मिसळायचं, ब्रशने कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं. वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं, उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. १८४२ साली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने समुद्रशेवाळाचे प्रिंट काढून त्यांच्या पुस्तकाचे भाग प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पावणेदोनशे वर्षं उलटून गेली, तरी कृतीत फारसं काही बदललेलं नाही.

निळ्यात लपलेलं लोखंड

प्रिंटमधला निळा म्हणजे प्रशियन ब्लू. त्यात लोखंड दोन जागी असतं: एक सायनाइडच्या गटांनी घट्ट धरलेलं, आणि दुसरं त्या गटांना एकमेकांशी जोडणारं. आम्ल या निळ्याला सहसा धक्का लावत नाही, पण अल्कली म्हणजे खार त्याला उसवतो. खाराच्या पाण्यात तो फुटला की फेरोसायनाइड पाण्यात निघून जातं आणि जोडणारं लोखंड हायड्रॉक्साइड होऊन कागदाच्या तंतूंना चिकटून राहतं. म्हणून ब्लीच केलेला, म्हणजे खाराने निळा उतरवलेला, प्रिंट कोरा होत नाही. गंज लागलेल्या पाण्याचा डाग असावा तशी फिकट पिवळी प्रतिमा उरते. तिला टॅनिन भेटलं की ती काळपट होते.

जुन्या ड्रॉइंग ऑफिसमधल्या लोकांना यातला पहिला अर्धा भाग चांगला ठाऊक होता. ब्ल्यूप्रिंट म्हणजे मोठ्या मापाचा सायनोटाइपच. त्यावर दुरुस्ती करायची असेल तर ड्राफ्ट्समन सोड्याच्या पाण्यात टाक बुडवून लिहीत आणि निळ्यावर पांढरी रेघ उमटे. दुसरा अर्धा भाग आपल्याकडच्या रंगाऱ्यांना माहीत होता. कलमकारीचं कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, मग त्यावर गूळ आणि लोखंडाच्या आंबवणाने रेघ ओढतात. ओढताना फिकी दिसणारी ती रेघ बघता बघता काळी होते. आपल्याला या दोन जुन्या युक्त्या एकामागून एक लावायच्या आहेत.

काय काय आणायचं

किराणा दुकानात गेलात तर नाव नीट सांगा. मी पहिल्यांदा नुसतं ‘काका, सोडा द्या’ म्हणालो आणि खायच्या सोड्याची पुडी घेऊन घरी आलो. प्रिंट त्यात पाऊण तास पोहत होता, तरी निळा जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर काका हसले. ‘भज्यांचा नेलात होय? धुण्याचा पाहिजे तर तसं सांगायचं की!’ खायचा सोडा फारच सौम्य असतो. आपल्याला हवा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो मिळालाच नाही तर खायचा सोडा कोरड्या स्टीलच्या कढईत मंद आचेवर अर्धा तास हलवत भाजा. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बराचसा धुण्याचा सोडा तयार होतो. पापडखारानेही निळा उतरतो, पण प्रत्येक दुकानातला खार वेगळा असतो, त्यामुळे आजचा निकाल उद्या मिळेलच असं नाही. पानाचा चुनाही करून पाहिला. निळा झटक्यात गेला, पण वाळल्यावर कागदावर पांढरी भुकटी बसली, ती काही निघेना. धुण्याची पावडर वापरू नका, तिच्यात साबणापासून सुगंधापर्यंत काय काय असतं.

टॅनिनसाठी चहाची पूड, कॉफी, हिरडा. हिरडा पूड काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. घरात त्रिफळा चूर्ण असेल तर त्यातही हिरडा आणि आवळा असतोच. डाळिंबाच्या साली वाळवून ठेवल्या असतील तर त्याही चालतात.

शिवाय थोडं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली. तीन ट्रे, रबरी हातमोजे, एक चमचा, एक गाळणी. यातलं काहीही पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. मी चमच्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, कारण घरातल्या माणसांना तोंडी सांगून भागत नाही.

सुरक्षेचं एकदाच सांगतो. सायनाइड हे नाव ऐकून घाबरू नका. फेरीसायनाइडमध्ये ते लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं आणि सौम्य आम्लात सहजी सुटत नाही. पण तीव्र आम्ल आणि उष्णता मिळाली तर विषारी वायू सुटू शकतो. म्हणून बाथरूम धुवायचं ॲसिड आणि ही रसायनं किंवा प्रिंटचं धुवण यांची भेट होऊ देऊ नका. बाथरूममध्ये काम करत असाल तर ॲसिडची बाटली आधी बाहेर ठेवा आणि मोरीत भरपूर पाणी ओता. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीचही नको, ते कागदच खाऊन टाकतं. सोडा डोळ्यात उडाला तर चांगला झोंबतो.

प्रिंट निवडताना

नवखे बहुतेक इथेच फसतात, आणि मीही फसलो होतो. टोनिंगला आपण मनापासून आवडलेला, नेमक्या उजेडाचा प्रिंट घेतो. ब्लीचमध्ये फिकट छटा सगळ्यात आधी विरघळतात आणि परत येतातच असं नाही. पिंपळपानाच्या जाळीचा माझा एक सुरेख प्रिंट असाच गेला. पानाचा आकार राहिला, पण ज्या बारीक शिरांसाठी तो काढला होता त्या गेल्या.

टोनिंगसाठी प्रिंट मुद्दाम जास्त उन्हात ठेवा. नेहमी दहा मिनिटं देत असाल तर तेरा-चौदा द्या. उन्हात असतानाच गडद भागांवर राखाडी, किंचित तांब्यासारखी झाक येईपर्यंत थांबलात तरी हरकत नाही. धुतल्यावर हा प्रिंट निळा म्हणून बघितला तर जड आणि गिचमिड वाटेल, पण टोनिंगला असाच लागतो. आधी ‘बिघडले’ म्हणून बाजूला टाकलेले काळपट निळे प्रिंट असतील तर सराव त्यांच्यावरच करा.

कागद जाड हवा. ३०० जीएसएमचा सुती जलरंगाचा कागद सगळं सोसतो. शाळेचा कार्ट्रिज कागद दुसऱ्या ट्रेमध्येच लिबलिबीत होतो आणि उचलताना कोपरा हातात येतो. टिकाऊपणासाठी चुनखडी घातलेले काही कागद मिळतात. ते इतर कामांना उत्तम, पण चुनखडीही खारच, तेव्हा असा कागद निळ्याला आतूनच खात राहतो.

धुऊन झाल्यावर शेवटच्या पाण्यात पेरॉक्साइडचं एक टोपण टाकलंत तर निळा लगेच पूर्ण गडद होतो आणि प्रिंट खरोखर किती दाट आहे ते कळतं. नाही टाकलं तरी हवेने दिवसभरात तेच होतं. मग किमान एक दिवस वाळू द्या. ओल्या, ताज्या प्रिंटवर टोनिंग केलं तर रंग लवकर सुटतो आणि डाग असमान पडतात.

ब्लीच

एक लिटर पाण्यात धुण्याच्या सोड्याचा एक सपाट चहाचा चमचा पूर्ण विरघळवा. खडा राहिला आणि तो प्रिंटवर बसला तर तिथे पांढरा ठिपका पडतो. सोड्याचं प्रमाण वाढवून वेळ वाचवण्याचा मोह होतो, तो टाळा. दाट पाण्यात सगळं वीस सेकंदांत उरकतं आणि थांबवायला हात पोचत नाही. माझं मत विचाराल तर सुरुवातीला अर्धाच चमचा घ्या.

प्रिंट आधी साध्या पाण्यात दोन मिनिटं भिजवा. कोरडा कागद सोड्यात टाकला तर पाणी जिथे आधी शिरतं तिथे आधी रंग जातो आणि लाटेसारख्या रेघा पडतात. मग प्रिंट तोंड वर करून एका झटक्यात बुडवा आणि ट्रे हलवत राहा.

आता नजर हटवू नका. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग निळ्यातला ताजेपणा जातो आणि तो जांभळट, वांग्याच्या सालीसारखा दिसू लागतो. पानाच्या कडांना, जिथे छटा हलक्या आहेत, तिथे आधी करडं आणि मग पिवळं येतं. गडद भाग हटवादी असतात, ते शेवटपर्यंत निळसर राहतात. आणखी थोडा वेळ दिला की तेही हार मानतात आणि सगळा प्रिंट पातळ ताकात हळद पडल्यासारखा होतो. या अवस्थेत पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, संपलं, गेलं सगळं. काही गेलेलं नसतं.

कुठे थांबायचं हाच खरा निर्णय. पूर्ण पिवळा होऊ दिलात तर पुढे तपकिरी-काळा एकसंध रंग मिळतो. अर्ध्यात काढलात, म्हणजे हलक्या छटा पिवळ्या आणि गडद भाग अजून निळे असताना, तर एकाच प्रिंटमध्ये तपकिरी उजेड आणि निळीकाळी सावली असे दोन रंग येतात. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. पण काढायची वेळ चुकली तर तो नुसता मळका दिसतो. प्रिंट बाहेर काढल्यावरही कागदात मुरलेला सोडा काम करतच असतो, म्हणून हवं त्याच्या जरा आधी काढायचा.

यानंतरची धुलाई कंटाळा न करता करा: पाणी तीन-चारदा बदलून निदान दहा मिनिटं. फुटलेल्या निळ्यातलं फेरोसायनाइड कागदात राहिलं आणि पुढचं पाणी आंबट असलं तर ते लोखंडाशी पुन्हा जुळतं आणि निळा परत येतो. चहाही किंचित आम्लधर्मीच. ‘ब्लीच पूर्ण केलं तरी प्रिंट निळाकाळाच का झाला?’ याचं उत्तर बहुतेक वेळा या अर्धवट धुलाईत असतं.

टॅनिन

एक लिटर पाण्यात तीन मोठे चमचे चहा पूड टाकून स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळून उकळा. दूध, साखर, आलं, गवती चहा काही नको. लोखंडी कढई तर नकोच, चहा तिथेच काळा होईल आणि कागदासाठी काही उरणार नाही. दोनदा गाळा. पुडीचा एक कण जरी प्रिंटवर बसला तरी त्याच्याखाली गडद ठिपका कायमचा. पूर्ण गार होऊ द्या. गरम चहात काम लवकर होतं खरं, पण कागदही तितक्याच वेगाने पिवळा पडतो.

ब्लीच केलेला प्रिंट यात सोडला की पहिल्या मिनिटातच पिवळ्यावर तपकिरी चढायला लागते. आधी विटकरी-करडी, मग दहा-पंधरा मिनिटांत गडद. साधारण अर्ध्या तासानंतर प्रतिमा फारशी पुढे जात नाही, फक्त कागदाचा पांढरा भाग चहाचा होत राहतो. रात्रभर ठेवलेला एक प्रिंट माझ्याकडे आहे. जुन्या पोथीचं पान म्हणून खपेल, पण त्यात पांढरं असं काही उरलेलं नाही.

ब्लीच न करताही प्रिंट चहात घालता येतो. पहिल्याच दिवशी सोड्याची भीती वाटत असेल तर इथून सुरुवात करा. तासा-दोन तासांत चमकदार निळा शांत होऊन निळाकाळा होतो, आणि सगळे तपशील जिथल्या तिथे राहतात.

कॉफीने रंग थंड काळ्याकडे झुकतो. साधी इन्स्टंट कॉफी पाच-सहा चमचे लिटरला टाका, चिकोरीचं मिश्रण नको. हिरडा मात्र माझा लाडका. दोन मोठे चमचे पूड लिटरभर पाण्यात उकळून, रात्रभर निवळू देऊन, वरचं पाणी फडक्यातून गाळायचं. हिरड्यातल्या टॅनिनचा प्रकार चहापेक्षा वेगळा आहे आणि लोखंडाशी त्याचा रंग शाईसारखा जांभळटकाळा येतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची काळी शाई आपल्याकडे होतीच, ती हीच. एक तोटा: हिरडा स्वतः पिवळा रंग देतो, त्यामुळे पांढरा कागद लोण्यासारखा होतो. शुभ्र पांढरं हवं असेल तर ग्रीन टी घ्या. तिचा डाग कमी पडतो आणि रंग वांग्यासारखा येतो. डाळिंबाच्या सालीत पिवळेपणा हिरड्यापेक्षाही जास्त, तेव्हा पानाफुलांच्या प्रिंटला बरी, चेहऱ्याच्या फोटोला नको.

क्रम उलटा करून बघा: आधी टॅनिन, मग सोडा. अशाने रंग लालसर तपकिरीकडे जातो. किंवा सोड्यात थोडं, चहात थोडं, परत सोड्यात थोडं. दर फेरीला मध्ये धुवायचं मात्र विसरू नका, नाहीतर सोडा चहात जाऊन चहा लालकाळा होतो आणि डाग वाढतात.

शेवटी वीस मिनिटं पाणी बदलत धुवा आणि सपाट जाळीवर वाळवा. दोरीवर चिमटा लावून टांगलेल्या प्रिंटच्या खालच्या कडेला चहाची ओघळ जमते. ओला असताना जेवढा उजळ दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर प्रिंट एक पायरी गडद होतो, हेही हिशेबात धरा.

पाण्याची गोष्ट

एका उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी झालं आणि आमच्या बिल्डिंगमध्ये बोअरचं पाणी सुरू झालं. त्या महिन्यात माझे सगळे प्रिंट धुताना फिकट होत होते. मी रसायनांना दोष दिला, मग कागदाला, नवी बाटलीही आणली. एका रात्री केटलीतला पांढरा थर दिसला आणि ट्यूब पेटली. जड पाणी खारट नसलं तरी खाराच्या बाजूचं असतं, म्हणजे मी प्रिंट धूत असताना सावकाश ब्लीचही करत होतो. तेव्हापासून पहिल्या धुवणात लिटरला चिमूटभर लिंबूसत्व टाकतो. निळा घट्ट राहतो. टोन झालेल्या प्रिंटला मात्र शेवटी आंबट पाणी नको. टॅनिन आणि लोखंडाची जोडी आम्लात सुटते, लिंबू लावल्यावर शाईचा डाग फिका पडतो तशी.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. कोटिंग केलेला कागद हवेतली ओल पितो आणि उन्हात धरण्याआधीच हिरवट-निळा पडतो. असा प्रिंट टोन केला तर पांढऱ्या भागातही तपकिरी झाकोळ येतो, कारण तिथेही लोखंड बसलेलं असतं. त्या दिवसांत कोटिंग करून त्याच दिवशी वापरा.

पट्ट्यांचा कागद

पूर्ण प्रिंटला हात घालण्याआधी एक ए-फोर प्रिंट उभा कापून सहा पट्ट्या करा. एक निळीच ठेवा. एक ब्लीच न करता चहात. एक पंधरा सेकंद सोडा मग चहा, एक पंचेचाळीस सेकंद सोडा मग चहा, एक पूर्ण पिवळी करून हिरड्यात. सहावी आधी चहात, मग सोड्यात. सगळ्या वाळल्या की एका पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवा. तुमचा कागद, तुमचं पाणी आणि तुमच्या घरची चहा पूड यांचा निकाल माझ्यापेक्षा वेगळा येणार आहे, आणि पुढे तुम्हाला हा पुठ्ठाच उपयोगी पडेल.

प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, पेनाने नको, पेनाची शाई पाण्यात फुटते. माझ्या पुठ्ठ्यावरच्या सगळ्यात सुंदर पट्टीमागे फक्त ‘मस्त!’ लिहिलंय. ती कशी केली होती ते दोन वर्षं शोधतोय.